तेल कमी नव्हतं

आकारामदादा,

काल ट्रॅक्टरचं इंजिन खोललं. तेल न बघता चालवून तुमीच ते घालवलं, असं मी चावडीवर बोललो हुतो. ते खोटं निघालं. तेल कमी पडलं असतं तर बेरिंगं जळाली असती; ती चांगली हायत. सिलिंडर आन् रिंगा मातर लय झिजल्यात, कारण आत धूळ गेली. हवेची गाळणी गुदस्ता साफ करायला मीच काढली आन् परत बसवलीच न्हाई.

इंजिनाचा ब्लॉक बैलगाडीत घालून सांगलीला चाललोय. सिलिंडर आतनं कातून, बोर करून, त्या मापाचं नवं पिस्टन आन् रिंगा घेतल्याबिगर परतत न्हाई. इंजिन तुमीच चालू करायचं, मी हात लावणार न्हाई.

आठ दिस तुमी मळ्यात एकटंच जेवताय. आज तुमचं ताट घरात वाढायला आईला सांगितलंय. या.

गुंडा