गंधाखालचं कपाळ

प्रिय बाबा,

आज तुम्हाला पत्र लिहायचं कारण माझं नाक आहे. हसू नका! नाकाच्या शेंड्यावर एक खरबरीत ठिपका आलाय. क्रीम लावलं की दबतो, पुन्हा वर येतो. आज त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ये कैन्सर नहीं है. पर ऐसे छोडना भी नहीं है." उन्हानं त्वचा बिघडली की असे ठिपके येतात. बरेचसे काही करत नाहीत, पण एखाद्याचा पुढे कॅन्सर होतो. कुठल्या ठिपक्याचा, ते आधी सांगता येत नाही, म्हणून गोठवून काढायचा.

मग मी आजारी आहे की नाही? आईला सांगितलं तर ती जेवण सोडेल. म्हणून तुम्हाला विचारतेय.

तुमचंही असंच सुरू झालं होतं ना? पण तुमचा ठिपका कपाळाच्या मधोमध, आणि तिथे रोज आंघोळीनंतर अष्टगंध. सुकलेलं गंध खपलीसारखंच दिसतं! आम्हाला वाटलं, गंधात भेसळ असेल. तुम्ही बाजारचं गंध सोडून सहाणेवर चंदन उगाळायला लागलात. "बिल्कुल आराम आहे, मनू," म्हणायचात आणि नखानं खपली काढायचात. किती ओरडायचे मी! मानेत गाठ आली तेव्हा कुठे तपासणी झाली, तोवर कॅन्सर पसरला होता. गेल्या थंडीत तुम्ही गेलातच.

राग तरी कोणावर काढू? जन्मभर राजस्थानात जमिनीची मोजणी केलीत, तीही बोडक्यानं. टोपी दिली की, "मी काय पुढारी आहे?" निवृत्त झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनीच उन्हात बसायला सांगितलं. मग आर. के. पुरमला माझ्या क्वार्टरसमोर खुर्ची टाकून संत्री सोलत बसायचात. ते ऊन चांगलं होतं की वाईट? जानेवारीत दिल्लीत दुसरं सुख तरी काय असतं हो?

आणि आजी म्हणायची, "मनू बापावर गेलीय, गोरीपान, घारी!" डॉक्टर म्हणतात, अशाच त्वचेला ऊन जास्त बाधतं. मग त्या कौतुकाचं आता मी काय करू?

घरी आल्यावर तुमच्या फोटोसमोर उभी राहिले. फोटो काढला तेव्हाही ठिपका होता का, ते पाहायचं होतं. पण आई रोज फोटोला गंध लावते, नेमकं कपाळाच्या मधोमध. पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं, त्यांना आवडायचं." मी हात मागे घेतला.

बाबा, मंगळवारी मी ठिपका काढून घेणार आहे. त्याआधी आईला सगळं सांगेन. पुढारी दिसले तरी टोपी घालेन. नाकावर खपली धरेल म्हणे, तिला नख लावणार नाही. आणि एकदा आईच्याच हातून फोटोवरचं गंध पुसून घेईन. तुमचं कपाळ आम्हा दोघींना नीट पाहायचंय.

तुमच्यावर गेलेली,
मनू