डॅरिलचे साठ चटके

४ नोव्हेंबर, सोमवार
लागली नोकरी! अंधेरीत, पाचव्या मजल्यावरची खाजगी प्रयोगशाळा. दुखणं मेंदूत कसं उमटतं ते इथे मोजतात. थर्ड इयरला कॉलेज सोडल्यापासून घरी कुणी धड बोलत नव्हतं. आज आईने शिरा केला. माझं काम सोपं: माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायची, सिरिंजने केसांत जेल भरायचं, नंतर टोपी बेसिनमध्ये धुवायची. एसी झकास. आणि रूथ आहे. तिच्यासाठीच अर्ज केला होता, इथे लिहायला काय हरकत? कॉलेजात दोन वर्षं माझ्या पुढच्या बाकावर होती. ती पास होऊन इथे टेक्निशियन झाली, मी राहिलो मागेच.

७ नोव्हेंबर, गुरुवार
रूथने सगळं शिकवलं. डोळे मिटून शांत बसलं की मेंदूत सेकंदाला दहाएक लाटा उठतात. लाटा जोरात असताना मनगटावर चटका दिला तर कमी लागतो, मंदावल्या की जास्त. चटका बसला की बटण दाबायचं. हात किती झटकन हलतो तेही मोजतात. म्हणून आधी प्रत्येकाच्या स्वतःच्या लाटा पाच मिनिटं नोंदवायच्या. ही त्याची बेसलाइन. तिच्यावरून मशीन चटक्याची वेळ ठरवतं. एकाची दुसऱ्याला लावायची नाही, लागलीच तर दोघांना शेजारी बसवून सगळं पुन्हा करावं लागतं, असं तिने दोनदा बजावलं. सरावाला माझीही घेतली. तिची बोटं माझ्या केसांत! हलू नकोस, लाट बिघडेल, म्हणाली. मी म्हटलं, बिघडलीच आहे. हसली. हसली यार!

१२ नोव्हेंबर, मंगळवार
डॅरिल नावाचा एक जण प्रयोगाला आला. वर्सोव्याचा, काकाच्या बोटीवर असतो. त्याची टोपी रूथने स्वतः बसवली. का? मला येत नाही? मग टोपी धुता धुता तिनेच सांगितलं: दोघं चर्चमध्ये एकत्र गातात, नाताळनंतर साखरपुडा. वर म्हणते, प्रबुद्ध, तू यायचंसच हां, आणि असं तोंड पाडून नको येऊस, फोटो खराब होतील.
येईन म्हटलं. टोपीची एक तार तुटेपर्यंत पिळली.

१३ नोव्हेंबर, बुधवार
रूथ जेवायला गेली तेव्हा डॅरिलच्या जागी माझी बेसलाइन लावली. भलत्या क्षणी चटके बसतील, तिच्यासमोर ओरडेल, एवढंच हवं होतं. ती परतल्यावर साठ चटके दिले. तो आपला हसतोय. विचारतो, मशीन बंद आहे काय रे बाबा?
साठच्या साठ माझ्या मनगटावर बसले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
वायरीचा दोष वाटला होता. नाही. काल घाटकोपरला घरी जेवत होतो, ताटात वरणभात, आणि तळहातात काटा घुसला. हात आपोआप मागे आला, वाटी उडाली. आज रूथ कौतुकाने सांगते, डॅरिलच्या हातात शिंगाळा माशाचा काटा गेला, त्याला पत्ताच नाही, केवढा शूर ना!
भोगतोय मी. शूर तो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
लिफ्टपाशी ती त्याचा हात धरून उभी होती. मी माझ्या तळहाताकडे लक्ष लावून थांबलो. ऊब नाही. काहीच नाही. तिचा हात त्याचा त्याला. माझ्याकडे फक्त दुखणं येतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळपासून दंडावर सुया. उभी रेघ. मग वळण. गोंदून घेतोय साला. डोळे मिटून वाचलं.
रू — थ

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
माझ्या बेसलाइनची फाइल पुसली, फरक नाही. दोघांना शेजारी बसवून सगळं पुन्हा करणं रूथच्याच हातात. पण तिला सांगायचं म्हणजे —
आज तिनेच विचारलं, गेल्या आठवड्यात बुधवारी डॅरिलला कुणाची बेसलाइन होती रे? म्हटलं, त्याचीच.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
रूथचा मेसेज: डॅरिल बोटीवर, जाळं ओढायच्या यंत्रावर. हल्ली घाबरतच नाही म्हणे.
उत्तर लिहिलंय. रूथ, माझी चूक झाली — पाठवलं नाही. पाठवलं तर ती पुन्हा कधी —
उजव्या करंगळीला दोर.
आवळतोय. माझा हात मागे येतोय, परत परत. त्याचा नाही येणार. त्याला कळतच नाही. कुणाशी तरी बोलत असेल, हसत —
डाव्याने लिहितोय. बोटं गेली —
डॅरिल हात काढ
काढ रे
फोन — रूथ — मनगटापर्यंत आ