बाटलीतला मनीप्लांट

पिपलानी, भोपाळ

प्रिय सुनंदा,

फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग उज्जैनभर सांगायचं ते सांग. तसंही सांगून झालंच आहे. ग्वाल्हेरच्या वहिनींनी परवा फोनवर माझी चौकशी केली ती अशा सुरात, जणू मी कुठे नाल्याकाठी सापडले होते. 'एकटेपणात होतं हो असं,' म्हणाल्या. ह्यांच्या वर्षश्राद्धाला चार दिवस राहिलीस आणि सख्ख्या बहिणीला दारुडी ठरवून मोकळी झालीस.

तू काय पाहिलंस ते मला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी ती इटलीची वाइनची बाटली नाकाशी धरून उभी होते आणि तू दारातूनच मागे सरलीस. विचारायचं होतंस. दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण नाही. रविवारी मी भाजीला गेले तेवढ्यात तू ती सिंकमध्ये ओतलीस, बाटली सोड्यानं धुतलीस, गरम पाण्यात बुडवून लेबल खरवडलंस आणि वर कहर म्हणजे गॅलरीतल्या मनीप्लांटची फांदी तिच्यात खोचून खिडकीत ठेवलीस. बाटली चांगली आहे, वाया कशाला घालवायची, असंच ना? आईची लेक शोभतेस खरी.

काय ओतलंस ते तरी ऐक. आठ वर्षांपूर्वी आम्ही टूरबरोबर इटलीला गेलो होतो, तेव्हा एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यावर जेवण होतं. बाप मळा बघायचा, थोरली मुलगी वाइन करायची, धाकटी बाटल्यांना लेबलं लावायची, एवढाच कारभार. आमच्या बसमधले लोक महागातली बाटली मागायला लागले. थोरलीनं मान हलवली आणि सगळ्यांत स्वस्त तांबडी वाइन साध्या पेल्यांत ओतली. म्हणाली, आम्ही रोज जेवताना हीच पितो. तुझ्या भावोजींचा जन्म कारखान्याच्या टेस्टिंगमध्ये गेलेला, कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय पास करायचे नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, थांबून आणखी एक घेतला आणि म्हणाले, माल चोख आहे. एवढं कौतुक माझ्या पुरणपोळीच्या वाट्यालाही कधी आलं नाही.

मला आधी तुरट लागली, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी. मागून करवंदाचा आंबटपणा आला आणि गिळल्यावर किंचित मिरी. निघताना धाकटीनं बजावलं होतं, ही जपून ठेवायची वाइन नाही, उघडली की दोन दिवसांत संपवा.

पुढे तीच वाइन इथे भोपाळला मिळाली. तिथली रोजची वाइन इथे कर लागून आमची शनिवारची झाली, तरी दोघांच्या बाहेरच्या जेवणाएवढीच पडायची. भरली वांगी, भाकरी आणि प्रत्येकी एक पेला. उरलेली रविवारी. पोह्यांबरोबर अजिबात चालत नाही, हाही प्रयोग ह्यांनी करून पाहिला. सात वर्षं, सुनंदा. कुणाचा तोल गेला नाही, कुणाचा आवाज चढला नाही. तुझ्याकडे शिवरात्रीला घरातले पुरुष भांग पिऊन दोन-दोन तास हसत बसतात, तो मात्र प्रसाद.

आता हे नीट वाच. गेल्या वर्षी त्या शनिवारी आम्ही बाटली उघडली आणि एकेक पेला घेतला. रविवारी पहाटे हे गेले. उरलेली अर्धी मी बूच लावून ठेवली. तिचा एक थेंब माझ्या तोंडात गेलेला नाही. दर शनिवारी बूच काढायचे, वास घ्यायचे, परत लावायचे. काही आठवडे वास तोच होता, मग आंबूस व्हायला लागला. तू ओतलास तो शिरका होता, सुनंदा. एकदा वास घेतला असतास तरी तुला कळलं असतं.

ओतून टाकायचं मीही दर शनिवारी ठरवत होते. हात धजत नव्हता. म्हणून तू केलंस ते बरं केलंस, असं मी म्हणणार नाही. मनीप्लांटला मुळं फुटली आहेत, पाणी मी बदलते. राग आहे तो आहेच.

काल दुकानात गेले. वाइनचं नाव मला कधी पाठ झालं नाही आणि लेबल तू खरवडलेलं, तेव्हा घराचं चित्र, दारात बाक, असं वर्णन करत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, 'आंटी, घर में पार्टी है क्या?' म्हटलं, है. बाटली आणली आहे, उघडलेली नाही. एकटीनं उघडली तर अर्धी उरेल आणि मी ती पुन्हा बूच लावून ठेवीन, ही एक खोड मला खरोखरच लागली आहे. एवढ्यासाठीच हे पत्र. वहिनींना काय सांगायचं ते नंतर बघू. तू शनिवारी सकाळच्या गाडीनं ये, वांगी मी करते. नाही आवडली तर तोंडावर सांग, पण तुझ्या वाटणीची तू संपवायची. दुसरा पेला वर्षभर पालथा होता, तो आज घासून ठेवला आहे.

तुझीच, अजून रागावलेली,
वासंतीताई