चौदा ओळींचं बिल

मेव्हणेबुवा, वयाने मी मोठा असूनही आज तुम्हाला वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला समजून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? इकडे सगळे बरे आहोत, आणि ते तुमच्या कृपेने, हे मी पहिल्यांदाच मनापासून लिहितो आहे.

सूनबाईचं भरतकामाचं मशीन बंद पडल्याचं तुमच्या ताईने कळवलंच असेल. दोनशे गणवेशांवर शाळेचं चिन्ह भरून द्यायचं, हातात तीन आठवडे, आणि सुटे भाग मिळणार परदेशातच. ती बिचारी मागवायला निघाली, तर मीच मध्ये पडलो. तीस वर्षं गोदामात मालाच्या याद्या केलेला माणूस घरात असताना तिने फॉर्म का भरावा? भाग होते मूठभर. दुकानदाराने ते भल्यामोठ्या खोक्यात भरले आणि विमानाचं भाडं लागलं खोक्याच्या आकारावर, म्हणजे आम्ही मुख्यतः हवाच मागवली. तेही सोसलं असतं. पण कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटने विचारलं, आत काय आहे? दुसरा कुणी ‘मशीनचे सुटे भाग’ एवढं लिहून गप्प बसला असता. मी चौदा ओळी लिहिल्या. (जाड सुया आणि बारीक सुया एकाच ओळीत लिहिणं माझ्या हातून होणे नाही.) एजंटची फी पाच ओळींपर्यंत ठरलेली, पुढे दर ओळीला निराळी. बिल मालाच्या किमतीच्याही वर गेलं.

सूनबाई एका शब्दाने बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. खोकं तिकडे अडकलं, शाळेचे फोन येऊ लागले आणि मी पेन्शनची वाट बघत तोंड लपवून बसलो. शेवटी एजंटच्या ऑफिसात हातापाया पडायला गेलो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, बिल कालच भरलंय. तुमच्या घरच्यांपैकीच कुणीतरी.” मी लगेच ओळखलं. मेव्हणेबुवा, आजवर तुम्हाला कवडीचुंबक म्हणत आलो, तो शब्द मागे घेतो. गुपचूप पैसे भरायचे आणि वर माझी चूक माझ्यासमोर उच्चारायचीही नाही, याला मोठं मन लागतं. काल मशीन चालू झालं तेव्हा मला खरंच रडू आलं. असं माणूस आपलं म्हणायला मिळालं, हे माझं भाग्य.

कायमचा ऋणी,
तुमच्या ताईचा नवरा

ता. क. पत्र तुमच्या ताईला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. बिल सूनबाईने भरलं, शाळेकडून आगाऊ रक्कम घेऊन. ‘बाबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल,’ अशी ताकीदही दिली होती म्हणे. तेव्हा कवडीचुंबक हा शब्द पुन्हा लागू समजावा. (पत्र तरीही पाठवतो आहे, कारण पाकिटावर तिकीट चिकटवून झालंय.)

आणखी एक ता. क. तिचे आभार मानायला दोनदा मशीनपाशी गेलो आणि दोन्ही वेळा ‘सुया पुरतात ना?’ एवढंच विचारून परत आलो. मनातलं सगळं वर तुम्हालाच लिहून बसलोय. तिच्यासाठी निराळं लिहून पाहिलं, ते गोदामातल्या यादीसारखं झालं. म्हणून एक विनंती. हे पत्र वाचून लगेच परत पाठवा. ‘मेव्हणेबुवा’ खोडून ‘सूनबाई’ लिहितो आणि तिच्या हातात ठेवतो. टपालखर्च तेवढा तुम्ही करा.