कुलपांचं दुकान आणि समोरचं आपलेपणा केंद्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलूपदुरुस्ती, डोक्याने शाबूत आणि गुडघ्यांनी निकामी, कोणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, तर स्वखुशीने ही अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो जोडावा लागला, कारण काकूला हल्ली काही उमगत नाही असं माझा पुतण्या गावभर सांगत फिरतो. सगळं त्यालाच दिलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. दुकानावरची राहती खोली, भांड्याकुंड्यांसकट, पुतण्याला. नवरा गेला आणि मी दुकानात बसले, तेव्हा याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, घराण्याचं नाक कापलं म्हणून वर्षभर बोलणं टाकलं होतं. किल्ली हरवली की मात्र माझ्याकडेच यायचे. असो. खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आहे. ताबा घेईपर्यंत हे पुतण्याला सांगू नये.

२. दुकान समोरच्या आपलेपणा केंद्राला देणगी मिळणार, असं पुतण्याने त्यांना परस्पर कबूल केलं आहे. ते मिळणार नाही. का, ते लिहिते.

वाया जाऊ घातलेल्या मुलांना आपलं कोणीतरी आहे असं वाटावं, यासाठी हे केंद्र आहे. हेतू चांगला. मुलांच्या गळ्यात नंबराचा बिल्ला असतो. दर बुधवारी त्यांना एक कागद भरावा लागतो: ‘मला इथे आपलं वाटतं’, आणि पुढे चार चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘पुरेपूर’पर्यंत. ‘पुरेपूर’वर खूण केली की बिस्किटं. मुलं वाया गेलेली असतील, बावळट नाहीत.

एक पोरगी मात्र सलग चार बुधवार ‘अजिबात नाही’वर खूण करत राहिली. वय पंधरा. केसांच्या चिमट्याने शेजाऱ्यांचं कपाट उघडलं होतं, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. तुझ्यामुळे केंद्राची सरासरी बिघडते, असं तिथल्या समन्वयक बाईंनी तिला मायेने समजावलं. पाचव्या बुधवारी ती कागद फाडून माझ्या पायरीवर येऊन बसली. मी काही विचारलं नाही. किल्ली घासायची कानस मागितली. तिने भलतीच दिली. मी तिला चांगली बोलले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

बाई तावातावाने आल्या. जिने कुलूप उघडून चोरी केली तिलाच कुलपं शिकवता, म्हणाल्या. मी म्हटलं, मग भरतकाम शिकवू का?

पुढे केंद्राच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. पाहुणे आले, हारतुरे आले, ‘आम्ही सारे एक’ असा फलक धरून तीस मुलं उन्हात उभी राहिली, आणि किल्ली सापडेना. बाई धावत माझ्याकडे आल्या. माझे गुडघे हे असे. मी चिमटीला पाठवलं. ओरखडाही न उठवता तिने दोन मिनिटांत दार उघडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटोच्या वेळी, बिल्ला नाही म्हणून तिला बाजूला व्हायला सांगितलं. केंद्राच्या वार्षिक अहवालात छापून आलं: ‘एका माजी लाभार्थीने सभागृहाचे कुलूप उघडले. धोका कायम.’

तिने ते वाचलं. दिवसभर कशाला हात लावला नाही. निघताना म्हणाली, "मावशी, उद्यापासून येऊ की नको?"

"उद्या गोदामाची बारा कुलपं यायची आहेत," मी म्हटलं. "उशीर केलास तर बोलणी खाशील."

ती माझ्याआधी येऊन पायरीवर बसली होती. याला नऊ वर्षं झाली. माझा हात कापायला लागल्यापासून, गेली तीन वर्षं, दुकान तीच चालवते.

३. म्हणून दुकान, किल्ल्या कापायचं मशीन, सगळ्या कानशी आणि गिऱ्हाइकांची वही चिमटीला. पुतण्याने हरकत घेतली तर खोलीही तिलाच जाईल.

४. केंद्राला सभागृहाच्या सात जादा किल्ल्या. अट एकच: मुलं आत असताना बाहेरून कडी लावू नये. माझी शोकसभा घेऊ नये, आणि घेतलीच तर मुलांना उन्हात उभं करू नये.

५. हे लिहिताना वकिलांनी विचारलं, चिमटीशी नातं काय लिहू? मुलगी नाही, भाची नाही. नोकर लिहा, असं माझ्याने म्हणवेना. ती कामात होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा, दुकानातली."

असं नातं कायद्यात नाही, वकील म्हणाले. मी म्हटलं, तरी लिहा. त्यांनी लिहिलं.

सही: (हात कापतो, पण सही माझीच)

साक्षीदार:
१. शेजारचे औषधवाले
२. केंद्राचे शिपाई (स्वतःच्या जबाबदारीवर, केंद्राच्या वतीने नव्हे)

स्थळ: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: सात, मंगळवार, गिऱ्हाईक नसताना