उभ्यानं खाल्लेलं धरत नाहीत

३ मार्च
काल दुकानात पुन्हा डोळा लागला. गाद्यांच्या दुकानात हा धोका असतोच. आमची पद्धत अशी की गिऱ्हाईक गादीवर पडलं की सेल्समननं शेजारच्या गादीवर पडून मालाचे गुण सांगायचे. तिसऱ्या गुणाला मी गेलो. मालक म्हणाले, नव्या शाखेचा मॅनेजर महिनाअखेर ठरवणार, तोवर जागे राहा. मॅनेजर मीच होणार. दुसरा उमेदवार म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे चिकटवला मी, पडायला शिकवला मी.

४ मार्च
डॉक्टर म्हणाले, रात्री झोप होत नाही म्हणून दिवसा लागते. झोपण्याआधी जड, तिखट, गोड बंद. कॉफी बंद. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. सोपं आहे. माझी इच्छाशक्ती दांडगी आहे, आजवर तिला कामच नव्हतं.

५ मार्च
आठला नुसतं सूप. अकराला झोपणार होतो, पण साडेदहाला भूक लागली. चीज टोस्ट खाल्ला. म्हणजे झोप दीडवर गेली. तोवर जागायचं तर पोटात काहीतरी हवंच. शेवटचा घास दोनला, म्हणून पाचला झोपलो. अंतर तंतोतंत पाळलं. साडेसहाला बायकोनं उठवलं. डॉक्टरांच्या उपायानं माणूस फार थकतो.

९ मार्च
बायकोनं विचारलं, फ्रिजमधला केक जातो कुठे? म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, उंदीर चमचा धुऊन ठेवत नाही. वाद घातला नाही. मुळात उभ्यानं खाल्लेलं धरत नाहीत. ताट घेतलं, बसलो, तर ते जेवण.

१४ मार्च
कोमट दुधानं झोप येते म्हणे. नुसतं दूध घशाखाली उतरत नाही, म्हणून चॉकलेट पावडर घातली. चार चमचे. रात्रभर टक्क जागा. दूध भेसळीचं असणार. मेहुणा म्हणाला, दाजी, चॉकलेटनंच झोप उडते. कालचं पोर, मला अक्कल शिकवतंय.

३० मार्च
उद्या मालक स्वतः बघणार. बायको म्हणाली, भाऊ माझाच आहे, पण ही जागा तुम्हाला मिळावी असं वाटतं. बावीस वर्षं परक्यांच्या शेजारी पडलात, पुरे आता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आज रात्री तोंडाला कुलूप.

३१ मार्च, सकाळी
शब्द पाळला. उपाशीपोटी झोप मात्र आली नाही. चारला पाच अंड्यांचं ऑम्लेट केलं. चार म्हणजे पहाट, तेव्हा ती न्याहारी झाली. सज्ज आहे.

३१ मार्च, संध्याकाळी
एक वयस्कर जोडपं आलं. मी शेजारी पडलो. पहिला गुण सांगितल्याचं आठवतं. उठलो तेव्हा अंगावर चादर होती आणि जोडपं गादी घेऊन गेलं होतं. जाताना म्हणाले म्हणे, हा माणूस इतका गाढ झोपतो, मग आणखी काय विचारायचं? मालक जाम खूश. माझं नक्की.

१ एप्रिल
शाखा मेहुण्याला दिली. माझ्यासाठी मालकांनी खास नवं पद काढलं: त्याच शाखेच्या दर्शनी काचेत गादीवर झोपून दाखवायचं. पगार तोच. असली जबाबदारी ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली.

७ एप्रिल
काचेतला पहिला दिवस. रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून बघतात. एक मिनिट झोप आली नाही. दुपारी बायको भावाचं नवं दुकान बघायला आली. काचेबाहेर थबकली. मी हात हलवणार, तेवढ्यात मागून मेहुणा हळूच म्हणाला, दाजी, डोळे मिटा, गिऱ्हाईक बघतंय.
मिटले.