डॉल्फिनची पाठ, भूछत्राचं बूड

मोताळा,
दि. २४ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.४०

चि. प्रतीक्षास,
बाबाचा आशीर्वाद. इकडे सोयाबीनला शेंगा धरल्या, मोटार-वायंडिंगचं दुकान चालू आहे, मी ठणठणीत.

हे पत्र तुझ्या आईच्या पिशवीतून येईल. पाकीट चारही बाजूंनी डकवणार आहे. उघडलेलं दिसलं तर लगेच कळव. ती म्हणते, महिनाभर तुझ्याकडे कोकणात राहते. "समुद्र पाहाचा हाय मले." महिन्यासाठी कोणी हिवाळ्याची शाल नेतं का? तीनदा विचारलं. तिनं शाल पिशवीत आणखी खाली दाबली.

तू पाठवलेल्या डॉल्फिनच्या फोटोबद्दल. लोक त्याला मासा म्हणतात आणि भूछत्राला भाजी. दोन्ही चूक. डॉल्फिन आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. भूछत्रही झाड नव्हे. तेसुद्धा आपल्यासारखाच प्राणवायू घेतं. हे मी कॉलेजात न जाता शिकलो. दोघांचं आणखी एक साम्य: वर दिसतं थोडं, बाकी सगळं खाली. नुसती पाठ पाहून कोणता डॉल्फिन ते सांगायची घाई करू नये, असं तू लिहिलंस. तेव्हा मला हसू आलं होतं.

१४ जुलैला तुझी आई आजारी पडली ती कडूबानं विकलेल्या भूछत्रांमुळे, असं मी तुला फोनवर सांगितलं. रानातून आणून बाजारात विकणारा माणूस, त्याचा काय भरवसा? तुझ्या आईला मात्र माझाच संशय. "तुमी काऊन नाही खाल्लं?" अगं, माझी संकष्टी होती! तेव्हापासून मी आणलेली मेथीसुद्धा ती हुंगून घेते.

आता तपशील नीट लिहितो. कडूबाची भूछत्रं चांगली होती. पण भाजीत पाच माझी मिसळली होती, बोथा गावाच्या रानातून मी स्वतः चाकूनं जमिनीलगत कापून आणलेली. कडूबानं ती पाहिली होती. "भाऊ, बुडासकट उपटा लागते. बुडाले पिशवी असली तं जहर." मी म्हणालो, "मले शिकवतो का बे? पुस्तक वाचलं मी!"

बूड मातीतच राहिलं होतं.

बाजारात कडूबाकडे आता कोणी फिरकत नाही. ती बातमीही मीच पसरवलेली.

आजारी डॉल्फिनला सोबतचे खालून उचलून धरतात, त्याला श्वास घेता यावा म्हणून, असं तू लिहिलं होतंस. तुझी आई न्हाणीत ओकत होती आणि मी पुस्तकात पान शोधत होतो. दवाखान्यात तिला शेजारच्या छायानं नेलं.

डिंक समोर आहे. पाकीट उघडंच ठेवतो. तुझी आई मलकापूरला गाडीत बसली की वाचेल. वाचून काही बोलली नाही तरी चालेल. तुझ्याकडे आल्यावर तिनं शाल खुंटीवर टांगली की पिशवीतच ठेवली, तेवढं लिही.

ज्यानं बूड पाहिलं नाही तो,
तुझा बाबा
शालिग्राम